वेजेस की सॅलरी?

गेल्या वर्षी बाप्पांचे विसर्जन झाले, मांडव उतरला, भाड्याने आणलेली भांडी मोजून परत गेली आणि सालाबादप्रमाणे आम्ही कार्यकारिणीची मंडळी जमाखर्च लिहायला बसलो. एरवी हे काम दोन संध्याकाळींत उरकते. गेल्या वर्षी मात्र चार बैठका लागल्या, आणि त्याला कारण झाले आमच्या सभागृहाच्या रखवालदाराचे अकरा दिवस.

झाले ते असे. श्रावणात रखवालदार तापाने आजारी पडला. अकरा रात्री तो आला नाही. महिनाअखेरीस त्याला पूर्ण पैसे द्यायचे की अकरा दिवसांचे कापायचे, यावर एकमत होईना, म्हणून तेवढी रक्कम बाजूला ठेवून विषय उत्सवानंतर घ्यायचे ठरले होते. तो आता निघाला. काही जण म्हणाले, "मंडळाचा पैसा वर्गणीचा आहे. हजेरी नाही तर पैसे कसले?" दुसरे म्हणाले, "तो महिन्याच्या बोलीवर आहे, रोजावर नाही." तेवढ्यात खजिनदारांनी हिशेबतपासनिसांचा छापील तक्ता पुढे केला. त्यात दोन वेगळे रकाने होते, एक 'सॅलरीज'चा आणि एक 'वेजेस'चा. रखवालदाराची रक्कम नेमकी कुठे लिहायची? "दोन्ही म्हणजे पगारच की," असे म्हणून कुणीतरी विषय संपवू पाहिला. पण दाराशी उभ्या असलेल्या रखवालदाराच्या कानांवर सगळे जात होते. त्याने हळूच विचारले, "पगार कट् माडतीरेन्री?" पगार कापणार का, एवढाच त्याचा प्रश्न. त्याला रकान्याशी काही देणेघेणे नव्हते. पण त्याचे उत्तर रकान्यातच होते.

आमच्यात काही जण रेल्वेतून निवृत्त झालेले, काही बँकेतून, दोघे शिक्षक, एक वकिलीतले. त्या दिवसापासून या दोन शब्दांनी आमची पाठ सोडली नाही. ज्याला जे आठवले ते त्याने सांगितले, काही पुस्तके आणि कायदे चाळले. त्यातून जमले ते वाचकांपुढे ठेवतो आहोत.

आधी शब्दांचे कूळ. 'सॅलरी' हा शब्द लॅटिन 'सालारियम'वरून आला, आणि त्यात 'साल' म्हणजे मीठ. रोमन शिपायांना पगार म्हणून मीठच मिळत असे, ही गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलेली. पण जुन्या रोमन लेखनात तिला आधार नाही. शब्दाचे मिठाशी नाते आहे, इतकेच खरे. आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागण्याची भाषा असल्यामुळे ती गोष्ट आपल्याला चटकन पटते, एवढेच. 'वेज' आला जुन्या फ्रेंचमधून. त्याचा मूळ अर्थ तारण किंवा जामीन. पैज या अर्थाचा 'वेजर' आणि कामाला लावून घेणे या अर्थाचा 'एंगेज' ही त्याचीच भावंडे.

व्यवहारात फरक असा पडला. सॅलरी माणसाच्या जागेची ठरते. ती बहुधा वर्षाची धरतात आणि महिन्या-महिन्याला बारावा हिस्सा हातात देतात. फेब्रुवारी अठ्ठावीस दिवसांचा असला तरी रक्कम तीच. वेज तासाचा, दिवसाचा, आठवड्याचा किंवा केलेल्या नगांचा. यात कमी-जास्तीचा प्रश्न नाही. चांगला फिटर कचेरीतल्या कारकुनापेक्षा जास्त घरी नेऊ शकतो. प्रश्न आहे तो न भरलेल्या दिवसाचा. त्या दिवसाचे नुकसान मालकाचे की कामगाराचे? सॅलरी म्हटले की ते बहुधा मालक सोसतो, वेज म्हटले की कामगार. बाकी सारे फरक यातून निघतात.

आपल्या 'पगारा'ला हा भेद ठाऊक नाही. तो पोर्तुगीजांचा 'पागार', म्हणजे पैसे देणे, चुकते करणे. कोणाला देणे, कशासाठी, याची त्याला पर्वा नाही. म्हणून कलेक्टराचाही पगार आणि सभागृह झाडणाऱ्या बाईंचाही पगारच. पण पगाराच्या आधी मराठीजवळ हा भेद होता. 'रोज' म्हणजे फारसीत दिवस, त्यावरून रोजंदारी. 'मुशाहिरा' अरबी, त्याच्या पोटात महिना आहे. दप्तरातले मुशाहिरेदार एकीकडे आणि रोजावरचे गडी दुसरीकडे, अशी वाटणी सॅलरी-वेजेस हे शब्द कानांवर पडण्याच्या किती तरी आधीची. संस्कृतातला 'वेतन' मात्र पगारासारखाच समदर्शी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मंत्री-पुरोहितांना 48,000 पणांपासून खालच्या सेवकांना 60 पणांपर्यंतची यादी आहे, आणि सूत कातणाऱ्या बायकांना सुताचा बारीक-जाडपणा पाहून काय द्यावे हेही आहे. शब्द दोन्हीकडे वेतनच. याचा उपद्रव पुढे झाला. तो नंतर.

कानडीतली गंमतही सांगून टाकू. आपल्या भागात कानडी माणूस 'पगार'च म्हणतो. म्हैसूरकडचा पाहुणा 'संबळ' म्हणाला की तो परगावचा हे लगेच कळते. मजुरीला कानडीत 'कूलि'. स्टेशनावरच्या कुलीचे नाव याच दाक्षिणात्य शब्दावरून आले असे पुष्कळांचे मत आहे, म्हणजे माणसाला त्याच्या मजुरीचेच नाव पडले. 2016 च्या रेल्वे अंदाजपत्रकात आपले सुरेश प्रभू यांनी ते बदलून 'सहायक' केले. हुबळी स्टेशनावर अजून कुणी 'सहायक' अशी हाक मारलेली आम्ही तरी ऐकली नाही. आणि एक शब्द 'जीत'. जुन्या कानडीत त्याचा अर्थ चरितार्थ, वेतन असा साधा. कर्ज फिटेपर्यंत राबायचे आणि कर्ज कधीच फिटायचे नाही, असा व्यवहार त्याच शब्दाच्या आड चालू राहिला, आणि आज 'जीत' म्हणजे वेठबिगारी. 1976 च्या कायद्याने ती बंद झाली.

आता आपल्या जोडशहरांकडे येऊ. हुबळी आणि धारवाड यांच्यात अंतर वीसेक किलोमीटरचे. 1962 मध्ये दोन्हींची महानगरपालिका एक झाली. तरी धारवाडचा माणूस आणि हुबळीचा माणूस यांच्यात काही वेगळे आहे, हे इथे राहणारा प्रत्येक जण मानतो. धारवाड शांत, हुबळी गजबजलेली. धारवाड साहित्य-संगीताचे, हुबळी व्यापाराची, असे सांगितले जाते. आम्हाला वाटते, त्याच्या मुळाशी हे दोन रकानेही असावेत.

1882 साली विलायतेत सदर्न मराठा रेल्वे कंपनी स्थापन झाली. तिने मुख्य कचेरी ठेवली धारवाडला आणि 1885 साली गाड्यांच्या दुरुस्तीचा कारखाना, म्हणजे आपले वर्कशॉप, काढला हुबळीला. कंपनी एक, नाव एक, पण एका गावात टेबलखुर्ची आली आणि दुसऱ्यात ऐरण. धारवाडला आधीपासून जिल्ह्याच्या कचेऱ्या, कोर्ट आणि शिक्षकांचे ट्रेनिंग कॉलेज होते; त्यांत रेल्वेचे कारकून, हिशेबनीस, ड्राफ्ट्समन यांची भर पडली. सगळे महिन्याचे. हुबळीला लोहार, सुतार, फिटर, बॉयलरवाले, रंगारी, हमाल. त्यांचा हिशेब दिवसावर आणि तासावर. 1908 मध्ये ही कंपनी मद्रास रेल्वेशी जोडली गेली आणि मुख्य कचेरी मद्रासला गेली. धारवाडच्या त्या दगडी इमारतीत पुढे कर्नाटक कॉलेज आले. कारकून गेले आणि प्राध्यापक आले. म्हणजे रकाना बदलला नाही! हुबळीचे वर्कशॉप आहे तिथेच राहिले.

दोन गावांतली घरे कशी चालत, हे आमच्या सभासदांपैकी वडीलधाऱ्यांकडून ऐकण्यासारखे आहे. एक काका सांगतात: त्यांचे आजोबा वर्कशॉपात, तर आजोबांचे मेहुणे धारवाडला कोर्टात शिरस्तेदारांच्या हाताखाली. धारवाडच्या घरी महिन्याचा खर्च एक तारखेला वहीत मांडलेला असे: वाण्याचे इतके, दुधाचे इतके, मुलांची फी, आणि पगाराच्या दिवशी पावशेर पेढे. हुबळीच्या घरी तशी वही कधी नव्हती. तिथे आजीच्या ओठांवर असायचे ते दिवस. "या महिन्यात चोवीस भरले." "दोन बुडाले." कोणी आजारी पडले की आधी ताप किती हे विचारत नसत, दिवस किती गेले हे विचारत. भोंगा झाला की गल्लीतली माणसे धावत निघत, कारण फाटक बंद झाले तर अर्धा दिवस गेला. दिवाळीला धारवाडचे पाहुणे चार दिवस राहायला येत. हुबळीचे धारवाडला गेले तर संध्याकाळच्या गाडीने परत. मुलांना वाटे, आजोबांना धारवाड आवडत नाही.

रविवारसुद्धा दोन्ही गावांत एक नव्हता. कचेरीतल्या माणसाच्या रविवारचे पैसे महिन्यात धरलेले असत. रोजावरच्या माणसाला सुटी म्हणजे पदराला खार. हे लक्षात घेतले म्हणजे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या कामाचे मोल कळते. मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने त्यांनी 1884 मध्ये सरकारच्या फॅक्टरी कमिशनला अर्ज दिला, त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. मागण्या काय? आठवड्याला रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, अपघात झाल्यास मदत, आणि मागच्या महिन्याचे पैसे पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. रविवार 10 जून 1890 रोजी मिळाला. पंधरा तारखेची मागणी वाचून आम्ही थबकलो. केलेल्या कामाचे पैसे पंधरा दिवसांत द्या, एवढ्यासाठी सह्या गोळा कराव्या लागत होत्या. वेतनाला उशीर म्हणजे वाण्याची उधारी, आणि उधारी संपली की पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकाशी काठी घेऊन उभा असलेला पठाण.

त्या अर्जानंतर बावन्न वर्षांनी, 1936 साली, पेमेंट ऑफ वेजेस ॲक्ट झाला आणि 28 मार्च 1937 पासून लागू झाला. तो पहिल्यांदा लागू झाला तो कारखान्यांना आणि रेल्वेला, म्हणून हुबळीच्या दृष्टीने त्याचे महत्त्व मोठे. हजारांहून कमी माणसे असतील तिथे सातव्या दिवसाच्या आत, त्याहून जास्त असतील तिथे दहाव्या दिवसाच्या आत पैसे द्यावेच लागत. तेही चलनी नाण्यांत किंवा नोटांत, आणि कामाच्याच दिवशी, म्हणजे पैशांसाठी सुटीच्या दिवशी हेलपाटा नको. दंड किती करायचा यालाही लगाम: रुपयामागे अर्ध्या आण्याहून जास्त नाही. पण त्याच कायद्यात दुसरी बाजूही होती. दहा किंवा अधिक माणसे ठरवून, योग्य सूचना आणि सबळ कारण यांवाचून गैरहजर राहिली तर आठ दिवसांपर्यंतचे पैसे कापता येत. आणि या सगळ्या संरक्षणाला मर्यादा महिना 200 रुपयांची. त्याहून जास्त मिळवणाऱ्याला हा कायदा नको, असे सरकारने धरले. म्हणजे कायद्याने वेजेस कशाला म्हणायचे ते कामावरून नव्हे, तर जवळजवळ ऐपतीवरून ठरवले. आमच्या वकील मित्राला हे पटत नाही. ते म्हणतात, व्याख्या वेगळी आणि मर्यादा वेगळी. खरे आहे त्यांचे. तरी शेवटी लाभ कुणाला मिळाला हे मर्यादेनेच ठरले, हेही तितकेच खरे.

स्वातंत्र्यानंतर रेल्वे सरकारची झाली, वेतन आयोग आले, श्रेणी आल्या, वार्षिक वाढ आली. 1947 च्या पहिल्या आयोगाने तळाचे मूळ वेतन 30 रुपये आणि महागाई भत्ता 25 रुपये, असे 55 रुपये ठरवले. वर्कशॉपातला माणूस महिन्याच्या रकान्यात आला. हुबळीच्या घरांतही वह्या आल्या. आता भांडण मिटले असे वाटावे, तर ते उलट्या बाजूने उभे राहिले.

1965 च्या बोनस कायद्यातून सरकारी खात्यांमार्फत चालणारे उद्योग वगळले होते, म्हणजे रेल्वेही. कामगारांचे म्हणणे, बोनस ही बक्षिशी नव्हे, मागे ठेवलेली मजुरीच आहे; आम्ही इंजिने दुरुस्त करतो, डबे बांधतो, मग गिरणीतल्या माणसाला जे मिळते ते आम्हाला का नाही? सरकारचे म्हणणे, तुम्ही सरकारी नोकर. पूर्वी 'तुम्ही रोजावरचे' म्हणून रजा नाकारली जाई, आता 'तुम्ही पगारदार' म्हणून बोनस. 8 मे 1974 रोजी देशभर रेल्वेचा संप सुरू झाला. पुढारी जॉर्ज फर्नांडिस, जन्माने आपल्या कर्नाटकातल्या मंगळूरचे आणि पुढारीपणात मुंबईत घडलेले. आठ तासांचे काम, इतर उद्योगांबरोबरीचे वेतन, 8.33 टक्के बोनस आणि औद्योगिक कामगार म्हणून मान्यता या मुख्य मागण्या. 8.33 टक्के म्हणजे वर्षाचा बारावा हिस्सा, एक तेरावा महिना. सरकारने संप मोडून काढला. 27 मे रोजी तो मागे घेतला गेला. हजारोंना अटक झाली, हजारो बडतर्फ झाले. रेल्वे कॉलनीत वाढलेल्या आमच्या एका सभासद ताईंना त्या वीस दिवसांतले एकच आठवते: वडील दिवसा घरात होते, आणि आई त्यांच्याकडे पाहून दिवस मोजत नव्हती, कधी नव्हे ती गप्प होती.

बोनस अखेर 1979 मध्ये मिळाला, उत्पादकतेशी जोडून. आता दसऱ्याच्या सुमारास त्याची घोषणा होते आणि आपल्या बाजारात दुसऱ्या दिवशी ती दिसते. तो मोजतात कसा, पाहा: गेली कित्येक वर्षे 78 दिवसांचे वेतन. हिशेबाला महिना 7,000 रुपयांची मर्यादा धरतात, म्हणून मोठ्यात मोठी रक्कम 17,951 रुपये. बाराही महिने ज्याला महिन्यावर पैसे मिळतात, त्याचा बोनस मात्र दिवसांत! जुन्या हुबळीची मोजणी तेवढी शिल्लक राहिली आहे.

कायद्याला आता हा भेद नकोसा झालेला दिसतो. प्राप्तिकराच्या 1961 च्या कायद्यात 'सॅलरी'च्या व्याख्येतच वेजेस घातले होते. गेस्टेटनर कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की कल्पना म्हणून दोहोंत फरक नाही, दोन्ही केलेल्या कामाचा मोबदलाच. फक्त अंगमेहनत नसलेल्या कामाला एक शब्द वापरतात, हाताच्या कामाला दुसरा. 2019 च्या कायद्याने उलट केले, वेजेसमध्ये सॅलरी घातली. मराठीत त्याचे नाव वेतन संहिता. 'मिनिमम वेजेस'ला आपण किमान वेतन म्हणतो, राज्यघटनेतल्या 'लिव्हिंग वेज'ला निर्वाह वेतन. वर उपद्रव म्हटले तो हा. वेतन म्हटले की कानांना ते महिन्याचे, खुर्चीचे वाटते. ठेकेदारामार्फत रोज भरून घेतलेल्या माणसालाही कागदावर वेतनच मिळते, आणि दिवस बुडाला की बुडतो. शब्द एक झाले, हिशेब दोनच राहिले.

कलावंतांचे तिसरेच. सवाई गंधर्व कुंदगोळहून निघून नाटक मंडळीत गेले त्या काळात नट कंपनीच्या बिऱ्हाडात राहत, जेवण आणि पगार कंपनीचा. पुढे नटांना 'नाइट' मिळू लागली, प्रयोगाची मजुरी. गायकाची ती बिदागी, व्याख्यात्याचे मानधन, गुरुजींची दक्षिणा. आमच्या जमाखर्चात हे सगळे शब्द आहेत आणि छापील तक्त्यात यांतल्या एकालाही जागा नाही.

चौथ्या बैठकीत रखवालदाराचा निकाल लागला. तो महिन्याच्या बोलीवर ठेवलेला आहे, नऊ वर्षे दर महिन्याला एकच रक्कम घेतो, तीस दिवसांचा महिना असो की एकतीस. एकतिसाव्या रात्रीचे जादा त्याने कधी मागितले नाहीत आणि आपण दिले नाहीत. मग आजाराच्या रात्रींचे कापायचे कशाच्या आधारावर? विरोध करणाऱ्यांनीही मान डोलावली. बाजूला ठेवलेली रक्कम त्याच्या हातावर ठेवली आणि पूर्ण महिना 'सॅलरीज'मध्ये लिहिला.

मग खजिनदारांनी पुढची पावती काढली. त्या अकरा रात्री रखवालदाराने आपल्या भाच्याला पाठवले होते. रात्रीमागे ठरलेले पैसे, ते 'वेजेस'मध्ये. खुर्ची तीच, काठी तीच, किल्ल्यांचा जुडगाही तोच. पावतीवर रात्री दहा होत्या. पाचव्या रात्री फार पाऊस होता, त्याला गावाहून येता आले नव्हते. एका रात्रीचे पैसे वजा केलेले होते. त्यावर बैठकीत कुणीच काही बोलले नाही, आणि आम्ही पान उलटले.